न आलेला ठसका

परवा रात्री जेवताना नातीला ठसका लागला. तोंडात वरणभाताचा घास आणि शाळेतली गंमत सांगायची घाई, दोन्ही एकदमच. मी सवयीप्रमाणे तिच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणालो, "वर बघ, वर बघ!" समोर आमच्या सौ. बसल्या होत्या. त्या त्यांच्या हल्लीच्या बारीक आवाजात म्हणाल्या, "वर नका बघायला लावू. खोकू द्या तिला."

नात खोकली, डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन मिनिटांत पुन्हा बडबड सुरू. मी मात्र हातातली भाकरी तशीच ठेवून विचार करत बसलो.

मंडळी, माझी ३३ वर्षं शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. सनावळ्या पाठ करून घेतल्या, तह आणि लढाया फळ्यावर लिहिल्या. पण ठसक्यालासुद्धा इतिहास असतो हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. आणि तो आधी कळला असता तर आमच्या घरातली एक गोष्ट कदाचित वेगळी झाली असती. कदाचित म्हणतो, कारण तेव्हा ते मोठमोठ्या डॉक्टरांनाही नीटसं कळलेलं नव्हतं. आज तेच लिहायला बसलो आहे. लातूरच्या मंडळींनी हे शेवटपर्यंत वाचावं अशी विनंती आहे.

*

१९९६ सालच्या जानेवारीतली गोष्ट. माझे थोरले बंधू, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो, लातूरला राहायचे. संक्रांतीच्या आठ-दहा दिवस आधी पहाटे त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलं. दवाखान्यात ठेवलं. चार-पाच दिवसांनी डॉक्टरांनी घशाच्या मागच्या बाजूला लाकडी पट्टी लावून पाहिली. दादांना उमासा आला. "घसा चांगला आहे, तोंडानं द्यायला हरकत नाही," असं सांगून त्यांना घरी पाठवलं. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही, कारण दोष द्यायचा नाही. तेव्हा सगळीकडे हीच पद्धत होती, ते पुढे सांगतोच.

घरी आल्यावर वहिनी त्यांना ज्वारीच्या कण्या, पेज, वरणाचं पाणी भरवू लागल्या. पहिले दोन दिवस प्रत्येक घासाला ठसका लागायचा. वहिनी घाबरून जायच्या. मग ठसका कमी कमी होत गेला.

संक्रांतीला मी नांदेडहून एसटीनं गेलो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत पोचायला दुपार झाली. दादांच्या डोळ्यांत ओळख होती. मी उशाशी बसलो, त्यांची मान माझ्या दंडावर घेतली आणि बशीतून चहा पाजला. अर्धा कप तरी गेला असेल. एकदाही ठसका लागला नाही. मी मोठ्यानं म्हणालो, "बघा वहिनी, ठसका थांबला. दादा सुधारले!" घरात सगळ्यांना आनंद झाला. तिळगूळ वाटला.

चहानंतर दादांच्या गळ्यातून घरघर असा ओला आवाज येत होता. मी तो ऐकला. कफ असेल म्हणून सोडून दिला.

२० जानेवारीला पल्स पोलिओची दुसरी फेरी होती आणि आम्हा शिक्षकांची बूथवर ड्यूटी होती, म्हणून मी नांदेडला परतलो. दिवसभर लहानग्यांच्या तोंडात दोन-दोन थेंब घातले. संध्याकाळी शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला, दादांना ताप भरला आहे. न्युमोनिया झाला होता. चौथ्या दिवशी दादा गेले. किल्लारीच्या भूकंपाच्या रात्री सगळ्या गल्लीला धीर देणारा माणूस असा मुकाट्यानं गेला.

पुढे नात्यात कुजबुज सुरू झाली. "तिनंच जबरदस्तीनं भरवलं." "पेज छातीत गेली." वहिनींच्या कानावर हे गेलं असणारच. त्या कधी बोलल्या नाहीत. आणि मीही कधी बोललो नाही की, बाबांनो, चहा तर मी पाजला होता. असो. त्याकडे परत येतो.

*

आता थोडं शरीराबद्दल. आपल्या घशात हवेचा आणि अन्नाचा रस्ता काही अंतर एकच आहे. पुढे तिठा लागतो: पुढच्या बाजूला श्वासनलिका, मागच्या बाजूला अन्ननलिका. घास गिळताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, त्याच्यावरची झाकणी पडते, आतल्या स्वरपट्ट्या मिटतात आणि घास मागच्या रस्त्यानं निघून जातो. एका सेकंदाच्या आसपास हे सगळं उरकतं. दिवसातून शेकडो वेळा आपण हे करतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

एखादा कण किंवा थेंब चुकून पुढच्या वाटेला गेला की पहारेकरी जागा होतो. तो म्हणजे ठसका. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. आधी श्वास आत घेतला जातो. मग स्वरपट्ट्या घट्ट मिटतात, साधारण सेकंदाचा पाचवा भाग, आणि तेवढ्यात पोटाचे नि छातीचे स्नायू आतल्या हवेवर दाब आणतात. मग दार एकदम उघडतं आणि हवा जोरात बाहेर पडते, ती त्या कणाला घेऊनच. यातली एक पायरी जरी ढिली पडली तरी खोकला नुसता आवाजापुरता राहतो.

"वर बघ" का नको, तेही यातच आहे. मान मागे टाकली की पातळ पदार्थ घसा तयार व्हायच्या आत घरंगळत जातो. धडधाकट मुलाला त्यानं काही होत नाही, कारण त्याचा पहारेकरी तगडा असतो. पण ज्याचं गिळणं बिघडलं आहे त्याला मान मागे करून पाजणं धोक्याचं. संक्रांतीच्या दिवशी मी दादांची मान माझ्या दंडावर मागे टाकूनच चहा पाजला होता.

*

आपल्या पूर्वजांनी ठसका ओळखला होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कासाची म्हणजे खोकल्याची कारणं दिली आहेत. धूर, धूळ, रूक्ष अन्न, शिंक अडवणं यांच्या जोडीला अन्नानं वाट चुकणं हेही एक कारण सांगितलं आहे. खोकल्याच्या आवाजाला तिथं फुटक्या काशाच्या भांड्याची उपमा आहे. आमच्या लहानपणी घरात काशाची ताटं होती, तडा गेलेल्या ताटाचा तो बद्द आवाज ज्यांनी ऐकला असेल त्यांना ती उपमा किती अचूक आहे ते कळेल. पुढे वाग्भटानं अष्टांगहृदयात जे वेग अडवू नयेत म्हणून सांगितलं, त्यात खोकलाही घातला. म्हणजे खोकला हा शरीराचा एक हक्क आहे, तो दाबू नये, हे आपल्याकडे फार पूर्वीच सांगून ठेवलं आहे.

पण हे सगळं खोकणाऱ्या माणसाबद्दल झालं. ज्याला खोकायला पाहिजे पण खोकला येत नाही, त्या माणसाकडे लक्ष जायला फार काळ जावा लागला.

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या वैद्यानं कंपवातावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात फक्त सहा रुग्णांचं वर्णन आहे आणि त्यातले तिघे तर त्याला रस्त्यात दिसलेले. थरथरणारे हात सगळ्यांच्या लक्षात राहिले. पण त्यानं हेही लिहून ठेवलं होतं की रोग वाढला की घास तोंडात घोळत राहतो, गिळायला त्रास होतो आणि लाळ ओघळते. तिकडे मात्र पुढची दीडशे वर्षं फारसं कुणी पाहिलं नाही. हात दिसतो, घशाच्या आतलं कसं दिसणार?

दिसायला लागलं ते क्ष-किरणांमुळे. १८९५ साली राँटजेननं क्ष-किरण शोधले आणि दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्डला वॉल्टर कॅनन नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं ते गिळणं बघायला वापरले. त्यानं लांब मानेच्या एका पक्ष्याला, आपल्या बदकाच्या जातीतल्याच, बिस्मथ हे क्ष-किरण अडवणारं औषध मिसळलेलं अन्न दिलं आणि घास मानेतून खाली सरकताना पडद्यावर पाहिला. जिवंत प्राण्याच्या आतला घास चालताना दिसला. एका विद्यार्थ्याला हे सुचलं, याचा माझ्यातल्या मास्तराला फार आनंद होतो.

*

यानंतरची गोष्ट पोलिओची आहे. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. आपल्याकडे पोलिओ म्हटलं की बारीक झालेला पाय आठवतो. आमच्या पिढीतल्या प्रत्येक गावात, प्रत्येक शाळेत असा एखादा मुलगा होताच. पण पोलिओचा एक प्रकार मेंदूच्या देठावर घाला घालतो. त्यात गिळणंही जातं आणि खोकणंही. रुग्णाची लाळ त्याच्याच छातीत उतरते. तिथल्या ब्लेगडम रुग्णालयात पहिल्या तीन आठवड्यांत श्वासाच्या यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावलं गेलं. त्यानं एका १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून फुगा असलेली नळी बसवली. त्यामुळे लाळ आत उतरायची थांबली, साचलेला कफ ओढून काढता आला, आणि रबरी पिशवी हातानं दाबून तिला श्वास देता आला. मुलगी वाचली. मग हाच उपाय सगळ्यांना. यंत्रं नव्हती, म्हणून सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. अतिदक्षता विभाग म्हणजे आयसीयू ही कल्पनाच तिथून जन्माला आली असं म्हणतात.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये आल्व्हन बारॅक आणि त्यांचे सहकारी उलट्या बाजूनं विचार करत होते. रुग्णाला खोकता येत नाही ना, मग यंत्रानंच खोकला काढून दिला तर? आधी फुफ्फुसात हवा भरायची आणि मग क्षणात ती ओढून घ्यायची. असं यंत्र त्यांनी केलं. पुढे गळ्याला छिद्र पाडण्याचा उपाय सरसकट झाला आणि हे यंत्र मागे पडलं. १९९३ साली ते नव्या रूपात पुन्हा बाजारात आलं. याच बारॅक यांनी बिकरमन या सहकाऱ्याबरोबर १९५४ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सायट्रिक ॲसिडची, म्हणजे लिंबातल्या आम्लाची, वाफ हुंगायला देऊन माणसाला मुद्दाम खोकला आणायचा आणि तो मोजायचा.

आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. ज्यांनी कुणी बूथवर ड्यूटी केली त्या सगळ्या गुरुजी-बाईंनी याचा अभिमान बाळगावा. पण खोकल्याचा प्रश्न पोलिओबरोबर गेला नाही. तो अर्धांगवायूच्या, कंपवाताच्या आणि म्हातारपणाच्या घरात राहायला आला.

*

१९८०च्या दशकात गिळण्याचा चालता एक्स-रे, म्हणजे एक प्रकारचा सिनेमाच, काढायची पद्धत रूढ झाली. जेरी लोगमन या अमेरिकन बाईंनी १९८३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. रुग्णाला बेरियम मिसळलेलं पाणी, लापशी, बिस्किट द्यायचं आणि पडद्यावर पाहायचं. १९८८ साली सुझन लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहायची पद्धत मांडली.

या सिनेमानं डॉक्टरांचे डोळे उघडले. काही रुग्णांचं पाणी सरळ श्वासनलिकेत उतरताना दिसत होतं आणि रुग्ण मात्र शांत. ठसका नाही, चेहऱ्यावर त्रास नाही. १९८८ च्याच एका अभ्यासात १०७ रुग्णांची आधी खाटेजवळ नेहमीची तपासणी केली आणि मग एक्स-रे पाहिला. ज्यांच्या श्वासनलिकेत अन्न जात होतं, त्यांच्यापैकी फक्त ४२ टक्के खाटेजवळच्या तपासणीत ओळखू आले होते. बाकीचे निसटले.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. आमचे दादा त्या निसटलेल्यांतले.

आणि ती लाकडी पट्टी? घशाला पट्टी लावून उमासा येतो का पाहणं हीच कित्येक वर्षं मुख्य परीक्षा समजली जायची. १९९५ साली लॅन्सेट या नियतकालिकात एक साधा अभ्यास आला. चांगल्या धडधाकट माणसांच्या घशाला पट्टी लावून पाहिली, तर त्यांच्यातल्या ३७ टक्के लोकांना उमासाच आला नाही. तरी ते मजेत जेवत होते! म्हणजे उमासा आणि गिळणं यांचा वाटतो तेवढा संबंध नाही. उमासा आला म्हणून गिळणं सुरक्षित, असंही नाही. १९९५ सालचा हा शोध, आणि दादांची तपासणी १९९६ च्या जानेवारीतली. लंडनचं साप्ताहिक लातूरच्या वॉर्डात पोचायला तेव्हा किती वर्षं लागत असतील याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा. म्हणून म्हटलं, दोष देत नाही.

१९९२ पासून पाण्याची परीक्षा आली. ९० मिलिलिटर पाणी न थांबता प्यायला लावायचं आणि नंतर खोकला येतो का, आवाज ओला होतो का ते पाहायचं. सोपी आणि बिनखर्चाची, पण करायची ती जाणकारानंच. तिच्यात एक मेख आहे. ती ठसक्याच्या भरवशावर चालते. ज्याचा पहारेकरीच झोपला आहे, तो या परीक्षेत गप्प राहून पास होऊ शकतो.

*

म्हणून मग ठसक्याचीच परीक्षा घ्यायची वेळ आली. प्रश्न दोन आहेत. घशाला कळतं का? आणि कळल्यावर जोर आहे का? हे दोन्ही वेगवेगळे आहेत, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. "खोका बघू" म्हटल्यावर माणूस खणखणीत खोकेल, पण पाणी आत गेलं तर त्याला पत्ताही लागणार नाही, असं होऊ शकतं. उलटही होतं. पाणी गेल्याचं कळतं, पण खोकला फुसका.

पहिल्या प्रश्नासाठी १९५४ चा तो जुना प्रयोग कामाला आला. १९९९ साली ॲडिंग्टन यांनी अर्धांगवायूच्या रुग्णांना टार्टारिक ॲसिडची वाफ देऊन पाहिली. ज्यांचा खोकला आला नाही किंवा मंद आला, त्यांना न्युमोनियाचा धोका जास्त निघाला. टार्टारिक ॲसिड म्हणजे चिंचेतलं आम्ल. लिंबू आणि चिंच! आपल्या आमटीतल्या दोन आंबट वस्तू दवाखान्यात अशा उपयोगी पडल्या. (घरी कुणी हा प्रयोग करू नये, हे वेगळं सांगायला नको.)

दुसऱ्या प्रश्नासाठी फुंकायची नळी. दम्याच्या रुग्णांना माहीत असेल, पीक फ्लो मीटर म्हणतात तिला. मार्टिन राईट या इंग्रज डॉक्टरांनी १९५९ मध्ये ती पुढे आणली. हे गृहस्थ यंत्रांचे मोठे शौकीन, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला पकडायचं फुंकायचं यंत्रही त्यांच्याच डोक्यातून निघालं. या नळीत फुंकण्याऐवजी खोकायचं, म्हणजे खोकल्याचा वेग मिनिटाला किती लिटर ते कळतं. धडधाकट माणूस सहज ३६० च्या वर जातो. स्नायूंच्या आजारावर काम करणारे अमेरिकेतले डॉ. जॉन बाख यांनी १९९६ साली, म्हणजे दादा गेले त्याच वर्षी, दाखवलं की ज्यांचा आकडा १६० पर्यंतही पोचत नाही, त्यांची श्वासाची नळी काढली तर टिकाव लागत नाही. पुढे २७० हाही एक सावधगिरीचा आकडा धरला जाऊ लागला. त्याच्या खाली असेल तर साध्या सर्दी-पडशातही खोकायला मदत लागू शकते. पण हे आकडे स्नायूंच्या रुग्णांवरून आलेले आहेत. सगळ्यांना तीच फूटपट्टी लावून पास-नापास करू नये, असं जाणकार सांगतात.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. छातीत चार थेंब गेले की न्युमोनिया झालाच, असं नाही. १९९८ साली लँगमोर बाईंनीच दाखवलं की दुसऱ्याच्या हातानं भरवावं लागणं, तोंडाची स्वच्छता दुसऱ्यावर अवलंबून असणं, किडके दात, या गोष्टींचा वाटा मोठा आहे. १९९९ मध्ये जपानच्या वृद्धाश्रमांत दिसलं की नुसते दात आणि तोंड नीट स्वच्छ ठेवले तरी न्युमोनिया कमी होतो. दादांच्या आजारपणात त्यांचे दात घासायचं आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं.

*

ही तपासणी करतात ते स्पीच थेरपिस्ट. मला वाटायचं हे तोतरेपणा घालवणारे लोक. पण बोलणं आणि गिळणं एकाच यंत्रावर चालतं, म्हणून दोन्ही त्यांच्याकडे. आपल्या देशात याचं शिक्षण १९६०च्या दशकात म्हैसूरची संस्था आणि मुंबईचं नायर रुग्णालय इथं सुरू झालं. १९८३ साली मुंबईत वांद्र्याला राष्ट्रीय संस्था निघाली, तिला नाव आहे अली यावर जंग यांचं. आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे नाव ओळखीचं वाटेल. हे हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ निघण्याआधी आपल्या नांदेडच्या मुलांची पदवी उस्मानियाचीच असायची. आमच्या वेळी मी पीपल्स कॉलेजात बी.ए.ला होतो तेव्हा नरहर कुरुंदकर तिथं शिकवत होते, आणि निजामी राजवटीच्या गोष्टी कॉलेजच्या कट्ट्यावर तासन्‌तास चालायच्या. पण त्या गोष्टींतलं एक नाव म्हातारपणी आपल्या बायकोच्या घशाच्या संदर्भात भेटेल, असं काही वाटलं नव्हतं.

सौ.ना चार वर्षांपूर्वी कंपवाताचं निदान झालं. हात थोडा थरथरतो, आवाज बारीक झाला, चाल मंदावली. गोळ्यांनी हात सुधारला. गेल्या वर्षी माझ्या लक्षात आलं की पूर्वी चहा पिताना त्यांना मधूनमधून ठसका लागायचा, तो हल्ली लागत नाही. आणि चहानंतर आवाज ओला येतो.

हा आवाज मी २० जानेवारीच्या आधी, संक्रांतीच्या दुपारी ऐकलेला होता. या वेळी सोडून दिला नाही.

गावात आठवड्यातून दोन दिवस एक स्पीच थेरपिस्ट मुलगी येते. तिनं खूप वेळ दिला. "काकू, जोरात खोका बघू," म्हणाली. नळीत खोकायला लावलं, तीनदा. आकडा २१० आला. मग दुसऱ्या शहरात पाठवून एक्स-रेचा सिनेमा काढला. मी पडद्यासमोर उभा होतो. पातळ बेरियमची एक काळी बारीक रेघ पुढच्या वाटेनं खाली उतरली, आणि सौ. शांत बसून होत्या. त्यांना काहीच कळलं नाही. मला तिथं उभं राहवेना.

आता घरी शिस्त आहे. जेवताना ताठ बसायचं, मान किंचित पुढे. घोट लहान. चहा जरा दाट, दुसरं पातळ म्हणजे आंबिलीसारखं. किती दाट ते त्या मुलीनं चमच्यावरून ओघळवून दाखवलं. जेवताना टीव्ही बंद. दोन्ही वेळा दात घासायचे, रात्री मी स्वतः बघतो. आणि फुंकायचा व्यायाम. एक स्प्रिंग लावलेली नळी असते, जोर लावल्याशिवाय तिच्यातून हवा जात नाही. पाच-पाचदा असे पाच वेळा, आठवड्यातून पाच दिवस. २०१० साली अमेरिकेत कंपवाताच्या ६० रुग्णांवर हा व्यायाम चार आठवडे करून पाहिला होता, निम्म्यांना खरी नळी आणि निम्म्यांना दिखाऊ. खऱ्या नळीवाल्यांचं गिळणं जास्त सुरक्षित झालं. सौ. कुरकुरतात, "या वयात मला बासरी शिकवताय का," पण करतात. परवा आकडा २५० आला. त्या मुलीनं सांगितलं, "काका, आकड्याच्या मागे फार लागू नका. ताप, ओला आवाज आणि वजन, यांच्यावर लक्ष ठेवा." तेही वहीत लिहून ठेवतो. मास्तरची सवय.

*

आता लातूरच्या मंडळींसाठी.

दादांचा ठसका थांबला तो ते सुधारले म्हणून नव्हे, हे आज मला जवळजवळ खात्रीनं वाटतं. पहारेकरी थकला होता. वहिनींनी पेज भरवली म्हणून दादा गेले, हे कुणी म्हणत असेल तर त्यांनी आधी हे लक्षात घ्यावं की मान मागे टाकून पातळ चहा पाजणारा मी होतो, आणि "सुधारले" असं घरभर सांगणाराही मीच होतो. वहिनी तर प्रत्येक ठसक्याला थांबत होत्या. त्यांना भीती वाटत होती आणि ती भीती बरोबर होती. मीच ती घालवली.

नक्की कुठल्या घोटानं ते झालं हे आता कुणीच सांगू शकणार नाही. चहा, पेज, लाळ, न घासलेले दात, सगळंच असेल. पण इतकी वर्षं एका बाईनं जे ऐकून घेतलं, त्यातला माझा वाटा मी उचलायला हवा होता. उशीर झाला. गेल्या महिन्यात लातूरला जाऊन वहिनींना हे तोंडी सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पाजलेला चहा त्यांना गोड लागला होता. चेहऱ्यावर दिसत होतं." आणि आत जाऊन चहा ठेवला.

घरात कुणाला अर्धांगवायू झाला असेल, कंपवात असेल, तर तोंडानं काहीही देण्याआधी गिळण्याची आणि खोकल्याचीही तपासणी करून घ्या, एवढंच सांगायचं होतं. ठसका लागला तर घाबरून खोकला दाबू नका. आणि लागायचा तो ठसका लागेनासा झाला, तर लगेच तिळगूळ वाटू नका.

संध्याकाळचे पाच वाजले. आमचा चहा व्हायचा आहे. सौ. ताठ बसल्या आहेत. एक घोट झाला की मी त्यांना "आ" म्हणायला सांगतो आणि आवाज कोरडा आहे का ते ऐकतो. मग दुसरा घोट. एक कप चहाला वीस मिनिटं लागतात. आम्हाला तरी घाई कसली आहे?